रोमचे रुपे आणि त्रिरश्मीचे चीवर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा हे गाव तेरेखोल नदीच्या काठी, महाराष्ट्र व गोवे यांच्या सीमेलगत वसलेले आहे. आदिलशाही अमलात हे एक महत्त्वाचे ठाणे होते आणि खाडीतून आत येणारा माल येथून घाटमाथ्याकडे जात असे. परंतु या किनाऱ्याचा लेखी उल्लेख त्याहून सुमारे दीड हजार वर्षे जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून भारताकडे येणाऱ्या जहाजांच्या उपयोगासाठी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे प्रवासवर्णन लिहिले. त्यात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरे क्रमाने दिलेली आहेत. सेमुल्ला म्हणजे चौल, याबद्दल फारसा वाद नाही. पुढे मंदगोरा, पलैपतमै, मेलिझैगर, बायझँटिऑन, तोगरोन व औरन्नोबोअस ही नावे येतात आणि त्यानंतर काही बेटांचा उल्लेख करून लेखक सांगतो की या भागात समुद्रचाच्यांचा वावर असतो. त्या बेटांपैकी ‘सेसेक्रियेनाय’ म्हणजे वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटे होत, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. मालवण, वेंगुर्ले व बांदा हा पट्टा रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराच्या वाटेवर होता, एवढे यावरून निश्चित दिसते.

इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून हिंडणाऱ्या हौशी माणसांना रोमन चांदीच्या नाण्यांचे साठे सापडल्याच्या बातम्या आपल्याकडेही वाचल्या जातात. त्या वाचून या भागातील काही उपासक बंधूंनी आम्हांस असा प्रश्न केला की, रोमची जहाजे आपल्या किनाऱ्यावरून गेली, आपला माल त्यांनी नेला, तर त्या मोबदल्यात आलेले रुपे गेले कोठे? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर महाराष्ट्रातील बौद्ध धम्माच्या इतिहासाशी जोडलेले आहे. म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

रोमचा इतिहासकार प्लिनी याने तक्रारीच्या सुरात नोंदविले आहे की भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो. ४ सेस्टर्स म्हणजे चांदीचा १ देनारियस, या हिशेबाने हे सव्वा कोटी देनारियस होतात. प्लिनीचा आकडा वाढवून सांगितलेला असेल. तथापि रोमन पैसा भारतात येत होता याचा प्रत्यक्ष पुरावा भूमीतून निघालेला आहे. कोइंबतूरच्या परिसरात, केरळातील इय्याल येथे, तेलंगणातील अक्कनपल्ली येथे देनारियस नाण्यांचे निधी मिळाले असून त्यांत ऑगस्टस व तिबेरियस या सम्राटांची नाणी विपुल आहेत. इ. स. ६४ मध्ये नीरोने देनारियसचे वजन व चांदीचा कस दोन्ही घटविले. भारतीय निधींत त्यापूर्वीची नाणी अधिक आढळतात, यावरून येथील व्यापारी कस पारखूनच नाणे घेत होता असे दिसते.

परंतु पश्चिम भारताची, विशेषतः महाराष्ट्राची, स्थिती दक्षिणेहून निराळी आहे. दक्षिणेप्रमाणे देनारियसचे भरगच्च निधी येथे मिळत नाहीत. रोमन नाण्यांच्या मातीतील भोके पाडलेल्या नकला मात्र उत्खननांत मिळतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथून मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती व पाश्चात्त्य घडणीची भांडी प्रसिद्धच आहेत. वेंगुर्ले-बांद्याकडून घाट चढणारा माल याच मुलखात उतरत असे. वस्तू आल्या, मूर्ती आल्या, नाण्यांच्या नकलाही झाल्या. मग खरी नाणी कोठे आहेत?

‘पेरिप्लस’मध्येच याचा धागा सापडतो. भरुकच्छ म्हणजे भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी आयात होतात आणि स्थानिक चलनाशी बदलताना त्यांवर काही नफाही मिळतो, असे लेखक लिहितो. त्याच ग्रंथात दुसरी एक नोंद आहे, जी पालिच्या अभ्यासकाला थांबवून ठेवते. भरुकच्छात अपोलोडोटस व मिनँडर या राजांच्या नावाचे, ग्रीक अक्षरांचे जुने द्रम्म अजूनही चलनात दिसतात, असे तो सांगतो. मिनँडर म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील राजा मिलिंद. स्थविर नागसेनांशी धम्मावर वाद करणारा हा यवन राजा त्या वेळी दिवंगत होऊन दीड-दोन शतके लोटली होती, तरी त्याचे नाणे बाजारात हातोहात फिरत होते. ‘मिलिंदपञ्हा’तील एका उपमेत समुद्रमार्गे तक्कोल, चीन, सुरट्ठ, अलसंद, सुवण्णभूमी येथे जाणारा धनवान नौकास्वामी येतो, त्यातील अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया असे सामान्यतः मानतात. सुप्पारक जातकातील आंधळा नावाडीही भरुकच्छचाच. आपल्या ग्रंथांना हा समुद्र परका नव्हता.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी प्राचीन भारतीय व्यापार हाच विषय निवडला होता, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलनाचे मूल्य कशावर ठरते, ते ढासळले म्हणजे कोण भरडला जातो, हा बाबासाहेबांच्या आस्थेचा विषय होता. नाण्यांचा इतिहास हा राजांच्या नावांची यादी पाठ करण्यापुरता नाही, हे ज्यांना पटवून घ्यावयाचे असेल त्यांनी हे दोन्ही अभ्यास लक्षात ठेवावेत.

भरुकच्छ त्या काळी क्षहरात वंशातील शक राजा नहपान याच्या ताब्यात होते. ‘पेरिप्लस’मध्ये त्याचे नाव थोडे विकृत होऊन आले आहे. नहपानाने चांदीची नाणी विपुल प्रमाणात पाडली. त्यांसाठी लागणारी चांदी बव्हंशी रोमन नाणी वितळवूनच मिळाली असावी, असे अनेक नाणेतज्ज्ञांचे अनुमान आहे व ते आम्हांस ग्राह्य वाटते. पश्चिम भारतात देनारियसचे निधी दुर्मीळ आणि नहपानाची चांदी अमाप, या दोन गोष्टींचा मेळ दुसऱ्या कोणत्याही प्रकारे नीट बसत नाही. रोमचे रुपे महाराष्ट्रात आले ते मुद्रा बदलून आले.

ते प्रत्यक्ष पाहावयाचे तर जोगलटेंभीला जावे लागते. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात, दारणा व गोदावरी यांच्या संगमाच्या परिसरात हे गाव आहे. १९०६ साली येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी उघडकीस आला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याची तपासणी करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाणी होती सुमारे १३,२५०. सर्व नाणी नहपानाचीच. परंतु त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता.

नहपानाचे नाणे लहानसे, वजनाने सुमारे दोन ग्रॅमचे आहे. पुढील बाजूस राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा व भोवती ग्रीक अक्षरांत लेख. मागील बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत तोच मजकूर. ग्रीक अक्षरांतील लेखाची भाषा ग्रीक नाही. अक्षरे तेवढी यवनांची, शब्द प्राकृत. एका बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर तीन लिपी! बंदरातला यवन व्यापारी, वायव्येकडून आलेला शक अधिकारी आणि गोवर्धनचा विणकर, तिघांनाही ते ओळखता यावे अशी ही योजना असावी. चेहऱ्याची धाटणी इंडो-ग्रीक व रोमन नाण्यांवरून घेतलेली आहे. स्कॉट यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट मोठी मनोरंजक आहे. या नाण्यांवरील चेहरे एकसारखे नाहीत. कोठे तरुण, कोठे वृद्ध, कोठे नाक सरळ, कोठे बाकदार. नाव मात्र सर्वत्र एकच.

गौतमीपुत्राने ही नाणी वितळविली नाहीत. त्याने राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींच्या टेकडीचे चिन्ह व आपले नाव ठोकले आणि मागील बाजूस उज्जयिनी चिन्ह उमटविले. घाईत ठोकलेल्या ठशाखालून नहपानाचे नाक, हनुवटी, ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. शत्रूचा खजिना हाती आला, त्याच रुप्यावर विजेत्याचे नाव चढले आणि बाजार पुढे चालू राहिला. ‘पेरिप्लस’चा लेखक सांगतो की कल्याण पूर्वी खुले बंदर होते, परंतु सांदनेस याच्या हाती ते गेल्यापासून तेथे व्यापारास अडथळा येतो आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छला नेली जातात. शक व सातवाहन यांचे वैर हे बंदरांचे आणि बंदरांवर उतरणाऱ्या रुप्याचेही वैर होते. पूर्वी नहपानाचा काळ दुसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत खाली ओढला जाई. आज बहुतेक अभ्यासक तो पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात आणि ‘पेरिप्लस’शी तेच जुळते.

तीन कमानींच्या या चिन्हाविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. जुन्या काही लेखनात त्यास ‘चैत्य’ म्हटले आहे आणि त्यावरून आपल्यातील काही उत्साही लेखकांनी गौतमीपुत्र बौद्ध होता असे ठरवून टाकले. हे चिन्ह आहत नाण्यांवरही आढळते आणि नाणेशास्त्रज्ञ आज ते टेकडीचे मानतात. आपल्या धम्माचा इतिहास महाराष्ट्राच्या डोंगरांत एवढ्या ठसठशीतपणे कोरलेला आहे की त्यासाठी संशयास्पद चिन्हांची उसनवारी करण्याची आपल्याला मुळीच गरज नाही.

विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी संज्ञा, विज्ञान व प्रज्ञा यांतील भेद स्पष्ट करताना नाण्यांच्या राशीची उपमा घेतली आहे. अजाण बालकाला नाण्याचा आकार व त्यावरील चित्रविचित्र खुणा तेवढ्या दिसतात. खेडूत माणसाला त्या खुणाही कळतात आणि या वस्तूने जिन्नस घेता येतो हेही कळते. सराफ मात्र नाणे पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातावर तोलून खरे कोणते, खोटे कोणते, हिणकस कोणते हे सांगतो, इतकेच नव्हे तर ते कोणत्या गावात, कोणत्या नगरात, कोणत्या डोंगरावर वा नदीकाठी, कोणत्या कारागिराने घडविले हेही जाणतो. पाचव्या शतकातील या आचार्यांना नाण्याचे मूळस्थान हा ज्ञानाचा भाग वाटत होता, हे आजच्या संग्राहकांनी लक्षात घ्यावे.

आता जोगलटेंभीहून नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या डोंगराकडे वळू. लोक त्यास पांडवलेणी म्हणतात. लेण्यांतील शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी असे स्पष्ट कोरलेले आहे आणि पांडवांचा तेथे उल्लेखही नाही. येथील दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपानाचा जावई, दिनीकाचा पुत्र उषवदात याने कोरवून चातुर्दिश भिक्खुसंघास दिले. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेही येथे खोलीचे दान दिले आहे. उषवदाताच्या लेखातील वर्ष ४२ मधील मजकूर अर्थशास्त्राच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाचा आहे. त्याने ३,००० कार्षापणांची ‘अखयनिवि’, म्हणजे अक्षय ठेव, संघासाठी ठेविली. ही रक्कम गोवर्धन येथील श्रेणींत गुंतविलेली होती: विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा दरशेकडा १ या व्याजाने आणि विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी.

हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२ म्हणजेही २४०च. एक कार्षापण उरत नाही, एक कमी पडत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० येतात, ते ‘कुशणमूल’ या खर्चासाठी. या शब्दाच्या अर्थाबद्दल विद्वानांत एकवाक्यता नाही. लेखात पुढे असेही नमूद आहे की ही सर्व व्यवस्था निगमसभेत वाचून दाखविली आणि दप्तरात नोंदविली. दगडावरील लेख हा अशा रीतीने दप्तरातील नोंदीची जाहीर प्रत आहे.

जोगलटेंभीचा साठा याच मापाने मोजून पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. १३,२५० नाणी शेकडा १ दराने त्याच श्रेणीकडे ठेविली असती तर वर्षाला १,५९० कार्षापण व्याज आले असते, म्हणजे सुमारे १३२ भिक्खूंचे वर्षाचे चीवर. वजनाने ही चांदी पंचवीस किलोंच्या पुढे जाते. लेखातील कार्षापण म्हणजे नहपानाचेच चांदीचे नाणे, असे बहुतेक अभ्यासक धरतात.

या हिशेबात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती रक्कम सांभाळणाऱ्यांची ओळख. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हाती कायमचा सोपवितो आणि ते तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवितील व देणे देत राहतील असा भरवसा बाळगतो. याच त्रिरश्मीवर राजा ईश्वरसेन याच्या काळातील आणखी एक लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी कुंभारांच्या, पाणी काढण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या व तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणींत ठेवी ठेविल्याचे सांगितले आहे. कोष्टी, कुंभार, तेली! पुढील काळातील धर्मशास्त्रांनी ज्यांना शूद्र म्हणून खाली ढकलले आणि ज्यांच्या हातच्या श्रमास हीन लेखले, ते त्या काळी संघाच्या ठेवींचे विश्वस्त होते. बँकेच्या पायरीवर ज्यांच्या आजोबांना कोणी उभे केले नाही, अशा आपल्या वाचकांनी हा मजकूर एकदा त्रिरश्मीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

येथे विनयाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून चालणार नाही. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये, दुसऱ्याकडून स्वीकारवू नये, आपल्यासाठी ठेवलेल्याला संमती देऊ नये, असा निस्सग्गिय पाचित्तियातील नियम आहे. विभंगात ‘रजत’ शब्दाची व्याख्या करताना कार्षापणाबरोबर तांब्याचे, लाकडाचे आणि लाखेचे मासकही धरले आहेत. जे जे व्यवहारात चालते ते सर्व त्यात आले. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीस जी दुसरी संगीती भरली, तिच्या मुळाशी दहा वादग्रस्त गोष्टी होत्या आणि त्यांत हीच गोष्ट मुख्य होती. वज्जीचे भिक्खू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे भांडे ठेवून उपासकांकडे संघासाठी कार्षापण मागत होते आणि काकंडपुत्र यश स्थविरांनी त्यास उघड विरोध केला, ही कथा चुल्लवग्गात आली आहे.

मग उषवदाताची ठेव विनयाला धरून होती काय? महावग्गातील भेसज्जक्खंधकात मेंडक गृहपतीच्या प्रसंगी तथागतांनी एक अनुज्ञा दिली आहे. श्रद्धावान गृहस्थाने कप्पियकारकाच्या हाती सोने सोपविले तर त्यातून आणलेली विहित वस्तू भिक्खूने घ्यावी. सोने मात्र कोणत्याही प्रकारे घेऊ नये, शोधू नये. विणकरांकडे मुद्दल, आणि संघाकडे त्यातून चीवर, ही रचना या अनुज्ञेशी सुसंगत आहे. मात्र लेखात प्रत्येक भिक्खूस १२ कार्षापण असा शब्दप्रयोग आहे आणि पश्चिम भारतातील लेण्यांत भिक्खू व भिक्खुणी यांनी स्वतः दिलेल्या दानांचेही लेख आहेत. ग्रेगरी शोपेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावरून भिक्खूंकडे खाजगी मालमत्ता होती असा निष्कर्ष काढला, तो सहज झटकून टाकता येणारा नाही. आमचे मत असे की ठेव विणकरांच्या हाती देण्यात नियम पाळण्याचा प्रयत्न उघड दिसतो, आणि नियम पाळताना ओढाताण होत होती हेही दिसते. आपल्या पूर्वजांचा संघ माणसांचा होता.

विनयात याच संदर्भात ‘रूपियछड्डक’ नावाच्या भिक्खूची नेमणूक सांगितली आहे. कोणी रुपे स्वीकारले तर ते त्याने संघासमोर टाकून द्यावयाचे. एखाद्या उपासकाने त्यातून तूप, तेल असे विहित जिन्नस आणले तर दोषी भिक्खू सोडून इतरांनी ते वापरावे. तसेही न घडल्यास पाच गुणांनी युक्त अशा भिक्खूची निवड करून त्याच्याकडून ते फेकून द्यावे. आणि ते कोठे पडले याची खूण त्याने मनात ठेवावयाची नाही. ठेविली तर त्याला दुक्कट दोष लागतो.

नेमकी याच्या उलट, खूण ठेवून पुरलेल्या धनाची गोष्ट खुद्दकपाठातील निधिकंड सुत्तात आहे. माणूस पाणी लागेल इतका खोल खड्डा खणून धन पुरतो. राजाचा जाच, चोरांचा उपद्रव, कर्ज, दुष्काळ, संकट यांत ते उपयोगी पडेल अशी त्याची समजूत असते. परंतु धन जागचे हलते, त्याची आठवण बुजते, नाग-यक्ष ते नेतात, नावडते वारसदार ते चोरून काढतात. दान, शील, संयम व दम हा पुरुषाचा वा स्त्रीचा खरा सुरक्षित निधी, आणि तो चैत्यात, संघात, अतिथीत, मातापित्यांत ठेवावयाचा असतो, असे सुत्त सांगते. जोगलटेंभीचा साठा ज्याने पुरला त्याची खूणही अशीच बुजली. त्यात जुनी व नवठशाची नाणी एकत्र आहेत आणि नहपानाखेरीज दुसऱ्या कोणाची नाहीत, यावरून सत्तांतरानंतर लवकरच तो भूमिगत झाला, एवढे म्हणता येते. उषवदाताची ठेव मात्र दगडावर वाचता येते.

सत्तांतराने संघाचे काय झाले, याचे उत्तरही त्रिरश्मीवरच आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाचा आदेश कोरलेला आहे. त्यात, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना दिल्याचे त्याने गोवर्धनच्या अमात्यास कळविले आहे. २४व्या वर्षी, राजमातेसह, दुसरा आदेश निघाला: ते गाव ओसाड आहे, शेत कसले जात नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातील १०० निवर्तने द्यावीत. नांगर चालत नसलेली जमीन कागदावर दान करून मोकळे होणारे राज्यकर्ते आपणांस परिचित आहेत. येथे सहा वर्षे गेली, परंतु चूक दुरुस्त झाली.

त्याच लेण्यात पुळुमावीच्या १९व्या वर्षी गौतमीपुत्राची आई बलश्री हिने कोरविलेली प्रशस्ती आहे. लेणे तिने भद्रयानीय भिक्खूंना दिले. प्रशस्तीत तिचा पुत्र क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा, अद्वितीय ब्राह्मण आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हणून गौरविला आहे. हे वाचून आपल्या मनात कडवटपणा येणे स्वाभाविक आहे. वर्णसंकर रोखल्याची फुशारकी भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर कोरली जावी, ही विसंगती आम्हांस डोळ्याआड करावीशी वाटत नाही. उषवदातानेही ब्राह्मणांना गाई, गावे व सुवर्ण दिल्याचे त्याचे लेख सांगतात. २,००० सुवर्णांसाठी ७०,००० कार्षापण, म्हणजे एका सुवर्णास ३५ हा दरही त्यांतच मिळतो. राजे दोन्हीकडे देत होते. धम्म टिकला तो मात्र केवळ त्यांच्या देण्यावर टिकला नाही. त्रिरश्मी, कार्ले व जुन्नर येथे व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या, स्त्रियांच्या आणि यवनांच्या दानांचे लेख आहेत. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा दात्तामित्रीचा यवन होता; जुन्नरला इरिल, चिट व चंद हे यवन दाते आहेत. यवन म्हणविणाऱ्यांपैकीही काहींनी आपले दान त्रिरत्नांच्या चरणी वाहिले.

आता यंत्राविषयी. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात शॅपविक येथे १९९८ साली अशा यंत्राने ९,२३८ देनारियस सापडले. सापडल्याची खबर दिली गेली, पुरातत्त्वज्ञांनी तेथे खोदून पाहिले आणि तोवर अज्ञात असलेल्या एका रोमन वाड्याच्या कोणत्या खोलीत हा निधी पुरला होता ते निश्चित झाले. संख्येने हा साठा जोगलटेंभीहून लहान. परंतु जोगलटेंभीच्या नाण्यांखालची जमीन कशी होती, शेजारी घर होते की विहार, हे १९०६ साली कोणी खोदून नोंदविले नाही; नाणी आज संग्रहालयांत व संग्राहकांकडे विखुरलेली आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणेसंशोधन संस्थेत या विषयाचा अभ्यास चालतो, ही समाधानाची गोष्ट होय.

आपल्या देशातील कायदा निराळा आहे. १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार भूमीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. काय सापडले, कोठे व कोणत्या तारखेस, हे त्यात सांगावयाचे असते. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळविणाऱ्यास मात्र त्या धनात, कोणी पूर्वमालक न निघाल्यास, सामान्यतः तीन चतुर्थांश हिस्सा व जमीनमालकास उरलेला हिस्सा मिळावा अशी तरतूद आहे. आणि सरकारने ते घ्यावयाचे ठरविल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक मिळतो. ही गोष्ट खेड्यापाड्यांत फारशी कोणास ठाऊक नसते. शेतात हंडा लागला की तो रातोरात सराफाकडे जातो आणि मुशीत पडतो.

त्याहून भयंकर प्रकार गुप्तधनाचा. मांत्रिक बोलवायचा, अमावास्येला खड्डा खणायचा, बळी द्यायचा, या अघोरीपणावर महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या लोभाने उकरल्या जाणाऱ्या जागांत जुनी टेकाडे असतात, आणि अशा एखाद्या टेकाडाच्या पोटात स्तूप असू शकतो. मांत्रिकाची कुदळ असो की हौशी माणसाचे यंत्र असो, जागेची नोंद न करता काढलेले नाणे हे विसुद्धिमग्गातील बालकाच्या हातचे नाणे होते. मालवण-बांदा पट्ट्यातील आपल्या बांधवांना विहीर खणताना वा घराचा पाया काढताना असे काही लाभले तर ते धुऊ नये, घासू नये, वाटून घेऊ नये. जागा व खोली टिपून ठेवावी आणि तहसील कचेरीत लेखी वर्दी देऊन पोच घ्यावी.

सोपाऱ्याचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. तेथील बुरूड राजाचा कोट नावाने ओळखले जाणारे टेकाड १८८२च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खोदविले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेविलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक, सुवर्णफुले, भिक्षापात्राचे समजले गेलेले तुकडे, आठ लहान कांस्यमूर्ती आणि चांदीचे एक नाणे. ते यज्ञश्री सातकर्णीचे असून फारसे झिजलेले नव्हते. त्यावरून पंडितजींनी स्तूपाचा काळ दुसऱ्या शतकात धरला. कांस्यमूर्ती शैलीवरून त्यानंतर कित्येक शतकांनी घडविलेल्या आहेत. नाणे आणि मूर्ती एकाच पेटीत होत्या हे नोंदविलेले असल्यामुळेच आज असे म्हणता येते की सोपाऱ्याच्या उपासकांनी तो स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला, मूर्ती ठेविल्या आणि यज्ञश्रीचे ते जुने नाणे जागचे न हलविता पेटी परत मिटविली. ते करंडक व अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.